लालबागातली खुर्ची

लालबागच्या नाक्यावर उभे राहून आज वर पाहिले, तर आकाशाच्या जागी पुलाचे पोट दिसते. २०११ साली हा पूल झाला. त्याच्यावरून सुसाट जाणाऱ्या मोटारींना आपल्या खाली लालबाग नावाचा एक मुलूख आहे याची गंधवार्ताही नसते. ‘गंधवार्ता’ हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण लालबाग ओळखायचे ते नाकाने. चिंचपोकळीला गाडीतून उतरून पूर्वेच्या अंगाला चालू लागा. डोळे मिटून चाललात तरी हरकत नाही, फक्त हातगाड्या सांभाळा. आधी भाजलेल्या मिरच्यांचा ठसका लागेल, मग कुटल्या जाणाऱ्या मसाल्याचा, आणि चिवडा गल्लीच्या तोंडाशी तळलेल्या पोह्यांचा खमंग वास येईल. तो आला की समजावे, पोहोचलो.

पूर्वी या वासांत आणखी दोन वास मिसळलेले असत. एक गिरण्यांचा, दमट कापसाचा आणि यंत्राच्या तेलाचा. दुसरा आमच्या दुकानाचा. साबण, तुरटी, बाटलीतले कसले तरी गुलाबी पाणी आणि ओले केस यांचा मिळून तो वास होता, आणि माझ्या आयुष्यातला पहिला स्वतःचा रुपया मी त्या वासात कमावला. मी न्हावी आहे. ‘हेअर ड्रेसर’ अशी पाटी आता माझ्या दुकानावर आहे, पण ती गिऱ्हाइकांसाठी आहे. स्वतःला मी न्हावीच म्हणतो.

आमचे गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. आबा गावचे न्हावी. सुमारे ऐंशी घरांच्या दाढ्या, डोकी, पोरांची जावळे, लग्नात दिवटी धरणे, आमंत्रणे फिरवणे आणि कोणी गेले की नदीवर जाऊन मुंडण करणे, ही सगळी कामे त्यांची. मोबदला म्हणजे बलुते. सुगी झाली की धोकटी घरी ठेवून आणि पोते खांद्यावर टाकून खळ्याखळ्यावर जाऊन उभे राहायचे. कोणी पायली घालायचा, कोणी अर्धी, आणि कोणी “पुढल्या वर्साला बगू” म्हणायचा. आबा “बरं” म्हणायचे. वर्षभर ज्याच्या गळ्यावर आपण धारेचे पाते फिरवले, त्या माणसाला “एवढेच का?” असे विचारण्याची सोय त्या व्यवहारात नव्हती.

१९८१ साली मी दहावीच्या परीक्षेत गणितात आपटलो. त्या रात्री आबा एवढेच म्हणाले, “हात चांगला हाय तुजा. पर खळ्यावर जायाचं न्हाई.” तीन दिवसांनी त्यांनी मला एस. टी. त बसवले. बरोबर एक वळकटी, तीस रुपये, आणि धोकटीतल्या दोन वस्तऱ्यांपैकी जो बरा होता तो. धार बोथटू नये म्हणून आईने तो जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळला होता.

मृगाचा पाऊस लागला होता. मुंबईत उतरलो तो भिजलेल्या कोंबडीसारखा. लालबागला आमच्या गावाची खोली होती. ‘गावाची खोली’ म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगायला हवे. चाळीतली दहा-बारा फुटांची एकच खोली. भाडे गावकरी मंडळ भरणार आणि राहणार गावातले गिरणीकामगार. त्या वेळी वहीत सव्वीस नावे होती. सव्वीस माणसे त्या खोलीत मावतात कशी, तर ती एका वेळी तिथे नसतातच. गिरण्यांच्या पाळ्या तीन, आणि पाळीबरोबर झोपेचीही पाळी. रातपाळीवाला सकाळी आला की पहिल्या पाळीवाल्याने नुकत्याच सोडलेल्या, अजून कोमट असलेल्या वळकटीच्या जागेवर आपली वळकटी पसरायचा. भिंतीला फळ्या, फळ्यांवर ट्रंका, प्रत्येक ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव. माझ्याकडे ट्रंक नव्हती, म्हणून मला खिळा मिळाला.

घर सोडून एकट्याने राहणे म्हणजे मोठे काहीतरी असेल असे मला वाटत असे. प्रत्यक्षात ते फार बारीकसारीक निघाले. सदरा कोणत्या दिवशी धुवावा म्हणजे रविवारपर्यंत पुरेल. संडासाच्या रांगेत डबा ठेवला की नंबर लागतो, पण डब्याशेजारी उभे राहावे लागते. खोबरेल तेलाची बाटली फळीवर ठेवली तर ती सव्वीस जणांची होते. पहिल्या महिन्यात मास्तरांनी हातखर्चाला म्हणून जे काही दिले, त्यातले निम्मे मी भारतमाता सिनेमात दादा कोंडके आणि बाहेर मिसळ यांवर घालवले. महिनाअखेरीस खानावळीचे पैसे कमी पडले. आमची खानावळ म्हणजे त्याच मजल्यावरची एक बाई. कऱ्हाडकडची, नवरा गिरणीत जाऊन खोकला घेऊन आलेला, आणि ती दोन वेळा मिळून पस्तीस माणसांचा स्वयंपाक करी. गिरणगावात अशा हजारो बाया होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते अशाच बायांना एकत्र आणून. मी दोन दिवस इतर माणसांच्या गर्दीत खाली मान घालून जेवून घेतले. तिसऱ्या दिवशी तिने ताटात भाकरी टाकता टाकता विचारले, “पैसं न्हाईत?”

मी गप्प.

“न्हाईत तर न्हाईत म्हनायचं. पर लपून जेवायचं न्हाई. अन्न गोड लागत न्हाई तसं.”

तिने वहीत माझ्या नावापुढे बाकी मांडली आणि आमटी जरा जास्तच वाढली. त्या वहीचा धडा मला पुढे उपयोगी पडणार होता, पण ते नंतर.

आता दुकानाविषयी. नाक्यापासून थोडे आत, दोन चाळींच्या मधल्या बोळाच्या तोंडावर चार खुर्च्यांचे दुकान. समोरासमोर आरसे असल्यामुळे चाराच्या चाळीस खुर्च्या दिसत. भिंतीवर देवांच्या तसबिरी, त्यांत सेना महाराजांची हार घातलेली. मालकांना सगळे मास्तर म्हणत. ते रत्नागिरीकडचे. अंगाने काटकुळे, जिभेने तिखट, आणि हात मात्र असा की झोपलेले मूलही जागे होऊ नये. आबांचा निरोप घेऊन आमच्या गावचा एक जॉबर मला त्यांच्याकडे घेऊन गेला. मास्तरांनी माझे शिक्षण विचारले नाही. माझा उजवा हात हातात घेतला, अंगठा मागेपुढे वाकवून पाहिला आणि म्हणाले, “बघू. आधी केर काढ.”

दीड महिना मी केर काढला. केसांचा केर हा फार लबाड प्रकार आहे. कोरड्या झाडूला तो चिकटतो आणि ओल्या झाडूने फरशीला चिकटतो. टॉवेल धुणे, पाणी तापवणे, वाट्या विसळणे आणि वस्तऱ्याला पट्टा मारणे ही बाकीची कामे. पट्टा म्हणजे भिंतीच्या कडीला टांगलेली चामड्याची पट्टी. तिच्यावर वस्तरा ओढायचा तो पाठ पुढे आणि धार मागे अशा बेताने, आणि टोकाला आला की पाठीवरून उलटा करायचा. धारेवरून वळवला की पट्टा कापला गेलाच. मी कापला. मास्तरांनी माझी जी बिनपाण्याने केली, ती चारही आरशांत मिळून चाळीस वेळा झाली.

कातरीचे तंत्र आणखी निराळे. वाचक आजवर शंभर वेळा तरी केस कापायला बसले असतील, पण कातरीचे एकच पाते हलते हे त्यांच्या ध्यानात आले असेल का? हलते ते अंगठ्याचे. दुसरे फणीला टेकून स्थिर राहते. दोन्ही पाती हलली की केसांत पायऱ्या पडतात. हे अंगठ्याच्या अंगवळणी पडावे म्हणून मास्तरांनी मला एक बोथट कातर देऊन ठेवली होती. रस्त्याने जाताना, रांगेत उभा असताना, रात्री हनुमान थिएटरातली ढोलकी लांबून ऐकू येत असताना, मी आपला हवेचे केस कापतो आहे. चाळीतली पोरे मला ‘कचकच’ म्हणू लागली.

वस्तऱ्याची दीक्षा फुग्यावर झाली. फुगा फुगवायचा, त्याला ब्रशाने साबण लावायचा आणि वस्तऱ्याने तो साबण काढायचा. फुगा फुटता कामा नये. ऐकायला गंमत वाटते, पण पहिले अकरा फुगे मी फोडले आणि प्रत्येक वेळी खुर्चीतले गिऱ्हाईक दचकून गालावर हात फिरवू लागले. बाराव्याला मला कळले, की चूक हाताची नव्हती, श्वासाची होती. वस्तरा टेकवताना मी श्वास कोंडत होतो आणि मग मनगट ताठत होते. श्वास चालू ठेवला, फुगा राहिला. मास्तरांनी तो उचलला, उजेडाकडे धरून पाहिला आणि स्वतःच फट्‌दिशी फोडून म्हणाले, “आता माणूस.”

पहिले माणूस कोण, तर आमच्या खोलीतली माणसे. दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या गालावर शिकणे मास्तरांना मान्य नव्हते. मी आबांचा वस्तरा काढला आणि रविवारी सकाळी चाळीच्या गॅलरीत बसून गावकऱ्यांच्या दाढ्या सुरू केल्या. सगळ्यांत पहिले बसले ते पाटलांचे थोरले. गावात त्यांच्या खळ्यावर आबा उभे राहत. मुंबईत ते साचेखात्यात होते. “ये रं पोरा, जरा गालावरनं हात फिरीव,” म्हणून त्यांनी मान वर केली.

इथे मी खरे शिकलो. प्रत्येक माणसाच्या दाढीला तिची वाट असते. गालावर ती खाली उतरते, पण गळ्यावर एकाची डावीकडे वळते तर दुसऱ्याची चक्क वर चढते. ती आधी बोटांनी शोधायची. मग गरम पाण्याने केस भिजवून मऊ होऊ द्यायचे, डाव्या हाताने कातडी ताणायची, आधी सुलट हात, मग लागलाच तर हलका उलट. कंठमण्याशी आले की आवंढा गिळायला सांगायचे. गिरणीतल्या माणसांच्या भुवयांत, कानांत आणि दाढीच्या खुंटांत कापसाचे बारीक तंतू बसलेले असत. ते आधी कोरड्या फडक्याने झाडले नाहीत तर साबणात त्यांचे लगदे होत. हे मला मास्तरांनी सांगितले नव्हते. पाटलांच्या थोरल्यांच्या गालांनी शिकवले. त्यांना मी दोनदा कापलेही. त्यांनी तुरटी लावून घेतली आणि शिवी एकच दिली.

रविवारची एक हकिकत सांगायची राहिली. आमच्या मास्तरांना इतिहासाचा नाद होता. शिवा काशीद, जिवा महाला आणि सिद्धगडावर १९४३ च्या जानेवारीत हुतात्मा झालेले माथेरानचे वीर भाई कोतवाल ही आमच्या समाजाची माणसे त्यांच्या तोंडी अशी असत, जणू आताच दाढी करून गेली. पण त्यांचे खरे दैवत होते नारायण मेघाजी लोखंडे. ते आमच्या समाजाचे नव्हेत. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणीकामगारांची पहिली संघटना उभी केली. १८९० साली त्यांच्याच पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे ठरवले. हे सांगताना मास्तर वस्तरा थांबवून उभे राहायचे आणि गिऱ्हाईक अर्ध्या साबणात ताटकळायचे. “वस्तरा न्हाव्याच्या हातात असतो, पण तो कुठे चालवायचा ते दुसरा सांगायचा. त्या दिवशी पहिल्यांदा न्हाव्याने सांगितले, नाही चालवणार.” त्याच १८९० साली लोखंड्यांच्या खटपटीने गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली. याचा परिणाम असा, की अख्ख्या गिरणगावाची दाढी रविवारी आमच्या माथी आली. मास्तर म्हणत, “बाकी सगळे ठीक, पण लोखंड्यांनी न्हाव्यांची तेवढी विचारपूस करायला हवी होती.” आमची सुटी सोमवारी.

श्रावण संपला, गणपती आले आणि गेले. विसर्जनाच्या आदल्या दिवशी मास्तरांनी मला पहिल्यांदा दुकानातल्या खुर्चीपाशी उभे केले. मिळकत निम्मी त्यांची, निम्मी कारागिराची. दाढी एक रुपया, केस तीन. म्हणजे एका दाढीमागे मला आठ आणे. त्या दिवशी माझ्याकडे नऊ रुपये जमले. कनातीमागे जाऊन मी ते तीनदा मोजले.

पण रविवारी पहाटे खोलीवरच्या दाढ्या चालूच होत्या. आता गालांची संख्या अठरावर गेली होती. ती उरकून दुकानात येईपर्यंत माझे मनगट भरून यायचे. एका रविवारी मास्तरांनी माझा हात थरथरताना पाहिला.

“किती केल्यास सकाळी?”

“अठरा.”

“कितीला?”

“गावचे आहेत.”

“मग बलुते देतात?”

मी हसलो. त्यांना हसू आले नाही. “तुझ्या बापाला निदान पोतं तरी मिळतं. तुला काय मिळतं? शिकायला गाल दिले, त्याची तीन महिने फुकट दाढी झाली. फिटले. आता इथे ये म्हणावे, रुपया द्या म्हणावे.”

सांगायला सोपे होते. त्या आठवड्यात मला झोप आली नाही. फुग्यावर वस्तरा धरताना जितका घाम फुटला नव्हता, तितका ‘रुपया’ हा शब्द मनातल्या मनात म्हणताना फुटत होता. पुढच्या रविवारी पाटलांचे थोरले नेहमीप्रमाणे गॅलरीत मान वर करून बसले. मी हातात वस्तरा न घेता त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “तात्या, दाढी दुकानात करतो. रुपया पडतो.”

गॅलरीत कोणीतरी दात घासत होता, तोही थांबला.

“आमच्याच गालावर शिकलास,” तात्या म्हणाले, “आनि आमालाच रुपया?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मास्तरांचे ‘फिटले’ माझ्या तोंडून निघेना. आजही मला त्यांचे बोलणे सर्वस्वी चुकीचे वाटत नाही. मी एवढेच म्हणालो, “व्हय. शिकलो तुमच्याच गालावर.” आणि चालू लागलो.

त्या दिवसापासून खोलीत माझ्याशी बोलणे बंद झाले. कोणी हाकलले नाही, पण माझी वळकटी संध्याकाळी गॅलरीत जाऊन पडलेली असे. पाऊस सरत आला होता हे नशीब. गावी पत्रे गेली असणार. आबांचे एक पोस्टकार्ड आले, त्यात पीकपाण्याखेरीज काहीच नव्हते. खाली सही करून मग त्यांनी एक ओळ लिहिली होती : ‘वस्तरा संभाळ.’ मी तिचे नाना अर्थ काढले.

आठ-दहा दिवसांनी दुकानात मला आणणारा तो जॉबर येऊन माझ्याच खुर्चीत बसला. दाढी झाली. त्याने खिशातून रुपयाचे नाणे काढले. आजवर आमच्या गावच्या कोणत्याही माणसाने आमच्या घरातल्या माणसाच्या तळहातावर काही ठेवले असेल तर ते वरून टाकलेले असे. याने ते हातात दिले, बोटे लागली, आणि “बरी झाली” म्हणून तो गेला. मागून एकेक जण येऊ लागले. तात्या आले नाहीत. ते दोन चाळी पलीकडच्या दुसऱ्या दुकानात जाऊन सव्वा रुपया देत, हे मला नंतर कळले. तत्त्वासाठी माणूस चार आणे जास्त मोजतो.

दिवाळीत दुकान रात्रभर उघडे होते. नरकचतुर्दशीची अंघोळ दाढीवाचून कशी करायची? आमच्या चारही खुर्च्यांना रांगा. त्या रांगांमध्ये एकच विषय चालला होता, बोनस. काही गिरण्यांत त्यावरून काम बंद पडले होते आणि दत्ता सामंतांचे नाव जो तो घेत होता. मला त्यातले फारसे कळत नव्हते. मी घरी पहिली मनीऑर्डर केली, चाळीस रुपयांची, आणि स्वतःसाठी ट्रंक घेतली. तिच्यावर रंगाने नाव घालताना मी गाव घातले नाही. पुढे मला त्याचे जरा वाईट वाटले आणि मी ते बारीक अक्षरात घातले.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. पन्नासांहून अधिक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख माणसे. पहाटे भोंगा झाला नाही. गेले सात महिने त्या भोंग्याच्या नावाने मी बोटे मोडत होतो. त्या दिवशी मी जागा झालो तो काहीच ऐकू न आल्यामुळे. पहिले पंधरा दिवस दुकान उलट भरलेले होते. माणसे रिकामी, वर्तमानपत्र एकच, चर्चा मोठी. महिन्याने केस कापायला येणारे थांबले. मग दाढीवाले दोन दिवसांआड, मग आठवड्याला. होळीपर्यंत सारे लालबाग दाढीवाले झाले. तरुण पोरांना ते शोभतही असे. पण पन्नाशीच्या माणसाच्या गालावर पांढरे खुंट वाढले की तो एका महिन्यात दहा वर्षांनी म्हातारा दिसतो, आणि कोणाकडे पाहत नाही.

मास्तरांनी उधारीची वही काढली. पंधरा दिवसांत ती भरली, दुसरी काढली, आणि तिसरी काढण्याऐवजी दोन कारागिरांना हात जोडून निरोप दिला. मला ठेवले, कारण माझा खर्च कमी. पण निम्म्याचे निम्मे तरी किती होणार? समोरच्या आरशांतल्या चाळीस खुर्च्या रिकाम्या दिसत. आमच्या खोलीतली माणसे एकेक करून गावी जाऊ लागली. शेतीची कामे, कोणाच्या मजुरीचा आधार, नाही तर नुसतेच घर. सव्वीसांचे नऊ राहिले. कोणी न सांगता माझी वळकटी आत आली. जागाच जागा होती. खानावळीच्या बाईने पातेले लहान केले आणि आपल्या पोती विकल्या. काळी पोत गळ्यात बांधलेली राहिली, सोन्याचे मणी गेले.

नऊ जणांत तात्या होते. त्यांची दाढी छातीपर्यंत नाही, पण गळा झाकेपर्यंत आली होती. त्यांनी कोणापुढे गाल केला नाही. सव्वा रुपयाचे ते दुकानही बंद झाले होते. मे महिन्यात एका रात्री त्यांनी ट्रंक खाली घेतली आणि कपडे भरले. सकाळच्या गाडीने ते जाणार होते. ट्रंकेच्या झाकणाला आतून आरसा असे. त्यात ते क्षणभर पाहत राहिले आणि झाकण लावले.

पहाटे मी स्टोव्हवर पाणी ठेवले. आबांचा वस्तरा पट्ट्यावर मारला. पट्टा माझाच होता, तात्यांच्या फळीच्या खिळ्याला अडकवलेला. पाणी तापल्यावर मी गॅलरीत वाटी नेऊन ठेवली आणि म्हणालो, “बसा.”

“रुपया न्हाई माज्याकडं,” तात्या म्हणाले.

“बसा तर खरं.”

“फुकट नगं.”

सहा महिन्यांपूर्वी याच माणसाला याच जागी फुकटच हवी होती. मला राग यायला हवा होता, पण त्या वेळी आला नाही. मी आत जाऊन वही आणली. ती शाळकरी वही मी खानावळीच्या बाईचे पाहून केली होती. तिच्यात खोलीतल्या माणसांची उधारी होती. तात्यांच्या नावाचे पान मी त्यांच्यासमोर उघडले आणि लिहिले : दाढी १, बाकी रु. १. त्यांनी वही हातात घेऊन वाचले आणि मग मान वर केली.

आधी कातरीने दाढी उतरवावी लागली. तिच्यात कापसाचा एक तंतूही नव्हता. गळ्याची वाट माझ्या बोटांना पाठ होती, उजव्या बाजूला भोवरा, तिथे हात आडवा. दाढी होईपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही. तुरटी फिरवल्यावर त्यांनी गालावरून हात नेला आणि म्हणाले, “आबापरीस हात हलका हाय.” मग ट्रंक खांद्यावर घेऊन गेले. ते परत मुंबईला आले नाहीत. फार थोडे आले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही.

मास्तरांनी दोन वर्षांनी दुकान विकले. मी त्याआधीच डोंबिवलीला खुर्ची भाड्याने घेतली होती. गिरण्यांतून सुटलेला संसार मोठ्या प्रमाणावर त्याच दिशेने सरकत होता आणि दाढ्याही त्याच्याबरोबर. पुढे माझे स्वतःचे दुकान झाले. १९८६ साली आपल्या देशात एड्सचे रुग्ण पहिल्यांदा सापडले आणि काही वर्षांत जुने वस्तरे जाऊन दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड आले. पट्टा कसा मारावा हे आता माझ्या कारागिरांना सांगितले, तर ते कौतुकाने ऐकतात, करत नाहीत. बरोबरच आहे. लालबागच्या त्या बोळात आमच्या दुकानाच्या जागी मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. गेल्या खेपेस मी तिथे मोबाइलची काच बसवून घेतली. समोर आरसा नव्हता, तरी बसल्या बसल्या मी मान वर केली, आणि तो पोरगा म्हणाला, “काका, काय शोधताय?”

तात्यांचा रुपया मात्र राहून गेला असे समजू नका. त्याच वर्षी भाताच्या झोडणीनंतर आबांचे पोस्टकार्ड आले. नेहमीचे पीकपाणी, मग सही, आणि सहीच्या खाली पुन्हा एक ओळ. पाटलांच्या थोरल्याने खळ्यावर बलुते घातले आणि वर एक पायली भात निराळे मापून दिले. ‘तुज्या पोराची उधारी’ म्हणाला. वहीत काट मार.

मी काट मारली. मग सहज हिशेब केला. पायलीभर भाताची किंमत त्या वेळी रुपयापेक्षा बरीच जास्त होती. मास्तरांना विचारून नीट आकडा काढला, तर तीन दाढ्या उलट आमच्याच अंगावर निघाल्या. तेच पान उलटून मी मागच्या बाजूला तसे लिहून ठेवले आणि दिवाळीला गावी निघताना वस्तरा बरोबर घेतला.